खाद्यपट्टा आणि शेजाऱ्याचे भात

खाजगी मालकीची जमीन वन्यजीवांसाठी राखायची म्हणजे तिच्यावर काहीतरी नवे पेरायचे किंवा लावायचे, असा समज माथेरानच्या पायथ्याशी जमिनी घेतलेल्या शहरी मालकांमध्ये पक्का रुजला असून, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत या समजावर धंदा उभा करणारे कंत्राटदारही आता कमी राहिलेले नाहीत. हा समज मुळातच चुकीचा आहे आणि त्याची किंमत मालकापेक्षा त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याला अधिक मोजावी लागते, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या साडेतीन एकरांवर पुरती सिद्ध झाली. लेखकाचा जो दोष होता तो पुढे कबूल केलेला आहे. जो त्याचा नव्हता तो अंगावर घेण्याचे त्याला कारण दिसत नाही.

माथेरानचा डोंगर माथ्यावर जांभ्या दगडाचा आणि खाली काळ्या कातळाचा आहे. माथ्यावर अंजनी, जांभूळ, हिरडा अशी बारमाही हिरवी झाडे टिकून आहेत, तर नेरळपासून चौकपर्यंतच्या खालच्या उतारांवर ऐन, पळस, कुंभा, काटेसावर, बेहडा यांचे पानगळीचे रान आणि त्याच्या पायाशी करवंद, तोरण, उक्षी व कारवी यांची दाट जाळी असते. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमीन तापत राहते. या उतारांवरच्या जमिनीला महसुली भाषेत वरकस म्हणतात, म्हणजे जेथे भाताची खाचरे होत नाहीत आणि नाचणी, वरी किंवा गवत एवढेच निघते अशी जमीन. आणि तिच्यातला जो भाग कसण्याजोगा नाही तो सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लिहिला जातो. लेखकाच्या साडेतीन एकरांपैकी जवळजवळ एक एकर असा पोटखराबा होता, आणि नंतर कळले त्याप्रमाणे त्या जमिनीतला वन्यजीवांच्या सर्वांत उपयोगाचा भाग तोच होता.

या जमिनीसाठी लेखकाने नेमलेल्या कंत्राटदाराने मांडलेल्या योजनेचा गाभा होता खाद्यपट्टा, म्हणजे केवळ जनावरांनी खावे म्हणून धान्य, कडधान्य किंवा चारा पेरलेली जमिनीची पट्टी. ही पद्धत अमेरिकेतली असून तेथे ती मुख्यतः हरणांच्या शिकारीशी जोडलेली आहे: बर्फाळ हिवाळ्याआधी हरणे धष्टपुष्ट व्हावीत आणि शिकारीच्या हंगामात ती बंदुकीच्या टप्प्यात यावीत यासाठी जमीनमालक मका, सलगम, मेथीघासासारखी पिके पेरतात. त्या मुलखात तिला अर्थ आहे. कोकणात उपासमारीचा काळ हिवाळा नसून फाल्गुन ते ज्येष्ठ हा कोरडा काळ आहे, त्या काळात कमतरता असते ती पाण्याची आणि सावलीची; आणि पावसाळ्यात पेरलेला मका पिकतो तो नेमका आश्विनात, जेव्हा रानात खायला मुबलक असते आणि शेजारच्या खाचरात भाताची लोंबी भरलेली असते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर येथे शिकार बंद आहे, त्यामुळे पट्ट्यावर जमलेल्या जनावरांचे पुढे काय करायचे या प्रश्नाला त्या परदेशी पद्धतीजवळ उत्तरच नाही. एवढा साधा हिशेब योजना विकणाऱ्याने मांडला नाही आणि विकत घेणाऱ्या लेखकानेही विचारला नाही. लेखकाचा दोष तो हाच.

मे महिन्यात जेसीबी आला आणि दोन दिवसांत पोटखराब्यातली करवंदाची व कारवीची जाळी ‘झुडपे’ या नावाखाली निघाली. कारवी आठ वर्षांतून एकदा एकगठ्ठा फुलते, बी टाकते आणि मरते, म्हणजे अवेळी उपटलेल्या कारवीबरोबर पुढची पिढीही जाते; आणि करवंदाच्या काटेरी जाळीत ससा, मुंगूस, रानकोंबडा यांना जे संरक्षण मिळते ते माणसाला पैसे खर्चून उभारता येत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत गिरीपुष्प आणि सुबाभूळ यांची रोपे लागली, कारण ती स्वस्त मिळतात, भराभर वाढतात आणि छायाचित्रात हिरवी दिसतात. दोन्ही झाडे मूळची मध्य अमेरिकेतली. गिरीपुष्पाला गावोगाव उंदीरमारी म्हणतात, कारण त्याची साल व बी उंदरांना विषारी असते, आणि येथल्या पक्ष्यांना खाण्याजोगे फळ या दोन्हींपैकी एकालाही येत नाही. शेकरू येईल असेही आश्वासन होते. शेकरू म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि ज्या भीमाशंकर अभयारण्याला तो मुख्यतः ओळख देतो त्याचे पश्चिम उतार कर्जत तालुक्यातच उतरतात. परंतु हा प्राणी फांदीवरून फांदीवर जातो आणि जमिनीवर क्वचितच पाय ठेवतो, त्यामुळे त्याला हवी असते ती एकमेकांना भिडलेल्या जुन्या झाडांची सलग छत्री, आणि जेसीबीने नेमकी तीच दोन ठिकाणी तोडली होती. वाटेत आलेले दोन वाकडे ऐनही कंत्राटदाराला काढायचे होते. ते लेखकाने काढू दिले नाहीत, आणि ते योग्यच ठरले, कारण १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमानुसार ऐन, जांभूळ, हिरडा, आंबा यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत आणि गुन्हा दाखल होतो तो मालकावर.

पट्ट्यावर मका आणि चवळी पेरली गेली. पीक उत्तम आले. सप्टेंबरच्या अखेरीस रानडुकरांचा कळप येऊ लागला, आणि लेखकाने, हे लिहिताना आजही संकोच वाटतो, त्याचा आनंद मानला.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका पहाटे जे दिसले त्यातून सगळा प्रकार उलगडला. मक्याची ताटे आडवी झाली होती आणि कणसांची नुसती बुरकुंडे उरली होती. पट्ट्याच्या खालच्या कडेला बांध एका ठिकाणी हातभर रुंदीचा खचला होता आणि त्या खळगीतली माती अंगे घासून घासून गुळगुळीत झाली होती. काटेरी तारेच्या खालच्या पदरात राठ काळे केस अडकलेले होते. खुरांचे ठसे मक्यातून निघून त्या खळगीतून सरळ शेजारच्या खाचरात उतरत होते, त्यांत एकही फाटा नव्हता. खाचरात निमगरवे, म्हणजे मध्यम मुदतीचे, भात कापणीला आठवडाभर बाकी असताना गोल गोल चकत्यांसारखे झोपले होते आणि जागोजाग चघळून थुंकलेल्या लोंब्यांचे ओले गोळे पडले होते. रानडुक्कर भात खाते त्याहून कितीतरी अधिक तुडवते. त्या खाचराचा मालक, वयाने मोठा ठाकर शेतकरी, गेल्या अकरा रात्री माळ्यावर, म्हणजे राखणीसाठी बांधलेल्या मचाणावर, डबा वाजवत जागला होता. तो ओरडला नाही. “शेट, डुकरं आमच्या आज्यापासून हायेत,” तो म्हणाला, “पन यवढी खाली कवा उतरली नव्हती.” मक्याचा पट्टा डोंगराकडे, भात त्याच्या खाली, आणि मका संपल्यावर कळपाला दुसरी वाट नाही: हे कागदावरच्या नकाशात पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते.

कंत्राटदार बोलावल्यावर आला. खाचर पाहिले, ठसे पाहिले, मोबाईलवर ठशांची छायाचित्रे घेतली आणि जनावरे आली म्हणजे प्रकल्प यशस्वी झाला, असे त्या शेतकऱ्याच्या देखत सांगितले. त्याच संध्याकाळी त्याने दुसऱ्या हप्त्याची मागणी केली. करारात जगलेल्या रोपांच्या मोजणीचे कलम होते, परंतु मोजणीच्या वेळी त्याच्या माणसांनी रोपे मोजली नाहीत तर रोपांना आधार म्हणून रोवलेल्या बांबूच्या काठ्या मोजल्या; काठ्या सगळ्या उभ्या होत्या. पिकाच्या नुकसानीविषयी त्याचे म्हणणे असे होते की, करार लागवडीचा आहे, जनावरांचा नाही. हे वाक्य लेखक विसरू शकलेला नाही, कारण वन्यजीवांच्या नावावर पैसे घेणाऱ्याने वन्यजीवांची जबाबदारी नाकारण्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळणे कठीण आहे.

पुढच्या पावसाळ्यात मोकळ्या केलेल्या जागेवर गिरीपुष्पाच्या जोडीने रानमोडी माजली. हेही परदेशी तण असून मोकळी माती मिळताच पसरते, जनावरे त्याला तोंड लावत नाहीत आणि फेब्रुवारीनंतर वाळून ते वणव्याला सरपण पुरवते.

या भागात जमीन राखू पाहणाऱ्याने पहिले पूर्ण वर्ष काहीही न करता, तिन्ही ऋतूंत, जमीन पायाखाली घालावी, आणि त्या फेऱ्यांना गावातल्या ठाकर किंवा कातकरी जाणकाराला योग्य मोबदला देऊन बरोबर न्यावे. लेखकाला हे उशिरा सुचले. उपटलेल्या जाळीच्या जागेत पूर्वी कोणते कंद निघत, भेकर कोणत्या वाटेने पाण्यावर जाई, कुंभ्याच्या पडलेल्या फळांवर कोण येई, हे सर्व त्याच शेजाऱ्याला ठाऊक होते आणि त्याला कोणी विचारलेले नव्हते. जे आधीपासून उभे आहे त्याची यादी हाती येईपर्यंत यंत्र जमिनीवर येऊ देऊ नये. हा भाग तीव्र उताराचा आणि धुवाधार पावसाचा आहे, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर येथल्या उतारावरची माती उगाच हलवण्याचे धाडस कोणी करू नये. शिवाय माथेरान आणि भोवतालचा परिसर २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलेला असल्यामुळे आपला गट क्रमांक त्या हद्दीत येतो की नाही, हेही आधीच तपासून घ्यावे.

झाडे लावायचीच असतील तर ती फळांच्या पंचांगावरून निवडावीत. काटेसावर, पळस आणि पांगारा माघ-फाल्गुनात फुलून पक्ष्यांना मध देतात, मोह चैत्रात फुले गाळतो, करवंद वैशाखात आणि जांभूळ पावसाच्या तोंडावर पिकते, बेहड्याची फळे हिवाळ्यात पडतात. परंतु या सगळ्यांमधली रिकामी जागा भरून काढतो तो उंबर-वडाचा वर्ग. उंबराच्या फळाच्या पोटातच त्याची फुले असतात आणि त्यांचे परागण चिलटाएवढ्या एका विशिष्ट जातीच्या गांधीलमाशीकडूनच होते. ती माशी फार थोडा काळ जगते, म्हणून तिची साखळी टिकायची तर परिसरातल्या कोणत्या ना कोणत्या उंबराला सतत फळ असावेच लागते, आणि त्यामुळेच इतर झाडे रिकामी असताना हरियाल, धनेश, तांबट यांना हाच वर्ग जगवतो. वडाच्या आणि पांगाऱ्याच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या पावसाच्या आरंभी रोवल्या तरी जगतात, त्यासाठी कंत्राटदार लागत नाही. मात्र कोणतेही फळझाड भाताच्या खाचरापासून लांब, डोंगराकडच्या अंगाला असावे, आणि जमिनीवर धान्य तर कधीच पेरू वा टाकू नये. माकडांना दाणे घालण्याच्या सवयीने पर्यटकांनी माथेरानवर काय करून ठेवले आहे हे माथ्यावर खाऊची पिशवी हातात घेऊन चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

सर्वांत उपयोगाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे जाळरेषा, म्हणजे जमिनीच्या कडेने गवत कापून व पालापाचोळा ओढून ठेवलेला उघडा पट्टा, ज्याच्यावरून वणवा पुढे सरकू शकत नाही. ती दिवाळीनंतर, गवत अर्धे ओले असतानाच, किमान दहा फूट रुंद काढावी. शेजाऱ्यांचे राब भाजण्याचे दिवस, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या वाफ्यावर कवळ व पालापाचोळा पसरून जाळण्याचे दिवस, त्यांना विचारून घ्यावेत आणि त्या दिवशी स्वतः हजर राहावे. वणवा एक वर्ष आला नाही तर न लावलेली रोपे आपोआप वर येतात, ही गोष्ट लावलेल्या रोपांच्या कोणत्याही हिशेबापेक्षा मोठी आहे. पाणवठा करायचा तर त्याची एक बाजू उतरती ठेवावी. सरळ भिंतींच्या सिमेंटच्या टाकीत खारी, सरडे आणि पिल्ले बुडून मरतात.

करार करताना प्रत्येक झाडाचे मराठी नाव लिहून घ्यावे, शेवटचा हप्ता दुसरा मे महिना उलटल्यावर जिवंत रोपे मोजून द्यावा आणि मोजणी स्वतः करावी. कागदपत्रे नीट वाचावीत, घाई करू नये. शेजाऱ्याच्या पिकाचे नुकसान झालेच तर त्याच दिवशी वनरक्षकाला व तलाठ्याला कळवून पंचनामा करवून घ्यावा, कारण वन विभागाकडून मिळणारी भरपाई पंचनाम्यावाचून मिळत नाही. आणि ज्याच्या पट्ट्यामुळे जनावरे खाली आली त्याने त्या भरपाईची वाट न पाहता स्वतःचा हिस्सा आधी द्यावा.

गिरीपुष्प आता काढून टाकले आहे आणि उपटलेल्या करवंदांपैकी काहींना मुळांतून फूट आली आहे. शेजाऱ्याच्या भाताचे पैसे लेखकाने त्याच कार्तिकात दिले. कंत्राटदाराने त्यांतला एक रुपयाही आजवर दिलेला नाही.