पाणी कुठे जातं, ते आधी विचारा

पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणांतले सर्किट बोर्ड, दळून त्यातलं तांबं काढण्याचा कारखाना टाकायचा म्हटलं की माणूस सगळ्यात आधी मशीनचं कोटेशन मागवतो. तेही लगेच येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर, व्हिडिओसकट: ताशी ३०० किलो, ९८ टक्के तांबं, धूळ नाही, प्रदूषण नाही. मग दोन-चार कोटेशनं शेजारी ठेवून किमतींची तुलना सुरू होते. या धंद्यात जे पाहिलं आणि ज्यांच्याशी व्यवहार केला, त्यावरून नव्याने येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पाण्यावर चालणारा प्लँट विकणारा पुरवठादार बहुतेक वेळा तुम्हाला निम्माच प्लँट विकत असतो. क्रशर, हॅमर मिल, जाळी आणि शेकिंग टेबल ही पहिली बाजू. टेबलावरून उतरलेलं पाणी निवळणं, गाळ पिळून काढणं, तो सुकवून योग्य जागी पोचवणं ही दुसरी. या दुसऱ्या बाजूचा कोटेशनमध्ये 'पाण्याची टाकी, ग्राहकाने बांधून घ्यावी' एवढाच उल्लेख असतो. अशा प्लँटला टाळं लागतं ते बहुधा याच बाजूने. म्हणून पुरवठादार निवडताना त्याला तांब्याबद्दल नंतर विचारा, आधी पाण्याबद्दल विचारा.

शेकिंग टेबल ही काही नवी करामत नव्हे. १८९० च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोच्या खाणींसाठी आर्थर विल्फ्ली यांनी जे टेबल तयार केलं, त्याच घराण्यातली ही टेबलं. किंचित उतरता पाट, त्यावर लांबीच्या दिशेने बसवलेल्या बारीक पट्ट्या, एका टोकाला हिसके देणारी यंत्रणा आणि वरच्या कडेने सोडलेला पाण्याचा पातळ थर. जड कण पट्ट्यांच्या आड बसतात आणि हिसक्यांबरोबर पुढच्या टोकाकडे सरकतात. हलके कण पाण्याबरोबर पट्ट्या ओलांडून खालच्या कडेने पडतात. तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, तर काच आणि इपॉक्सीचा मूळ बोर्ड दुपटीपेक्षाही कमी, त्यामुळे दोन्ही वेगळे होतात हे खरंच. सराफ कट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी याच तत्त्वावर पोट भरत आले. टेबल नीट लागलेलं असेल तर नजरेलाच कळतं: एका बाजूला लालसर पट्टा, दुसऱ्या बाजूला पांढुरका-हिरवट भुसा आणि मधे दोन्ही मिसळलेला करडा पट्टा. व्हिडिओ लाल पट्ट्याचा असतो. तुम्ही मात्र टेबलाच्या खालच्या कडेला वाकून पाहा. वाहत्या पाण्यावर एक पातळ, चकाकणारी साय दिसेल. दळताना चपटे झालेले तांब्याचे अतिबारीक कण ते. धातू कितीही जड असला तरी असा कण पाण्याच्या पृष्ठताणावर तरंगतो आणि भुशाबरोबर निघून जातो. अ‍ॅल्युमिनियमची घनता तर काचेच्या इतकी जवळ आहे, की ते बहुतांशी भुशातच सापडतं. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, पण बोर्डवर त्याचा थर असतो मायक्रॉनच्या हिशोबात. दळल्यावर त्याचं इतकं पीठ होतं की वजनाचा फायदा उरतच नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका प्रक्रिया केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्रांनी तुकडे आणि वर्गवारी केल्यानंतर, ज्या भागांतून सोनं परत मिळू शकेल अशा भागांत त्याचा जेमतेम चौथा हिस्सा पोचला होता. हा धडा दळण्याचा आहे आणि पाण्याच्या प्लँटला तो तितकाच लागू पडतो. सोन्याचे बोर्ड, रॅम, प्रोसेसर हे दळणात टाकायचेच नाहीत, आधी हाताने काढून वेगळे विकायचे, हे मशीनवाला आपण होऊन सांगत असेल तर त्याला एक गुण जास्त द्या.

आता त्या ९८ टक्क्यांकडे वळू. हा आकडा सहसा खोटा नसतो, फक्त तो कशाचा आहे हे सांगितलेलं नसतं. समजा तुम्ही १,००० किलो बोर्ड दळले आणि त्यात २०० किलो तांबं होतं. टेबलाने १५० किलो माल दिला आणि त्यात ९८ टक्के तांबं निघालं, म्हणजे हाती आलं १४७ किलो. ५३ किलो भुशात, गाळात आणि पाण्यात गेलं. शुद्धता ९८ टक्के, पण उतारा साडेत्र्याहत्तरच. पुरवठादार शुद्धता सांगतो आणि घेणारा ती उतारा म्हणून ऐकतो. त्यात आणखी एक मेख आहे. दाखवायच्या ट्रायलमध्ये बऱ्याचदा कोरे बोर्ड किंवा पीसीबी कारखान्यातल्या कापणीच्या पट्ट्या टाकतात. त्यांत तांबं भरपूर, आणि सोल्डर, कंडेन्सर, लोखंड, प्लास्टिक यांचा पत्ता नाही. तुमच्याकडे येणार आहेत ते भंगारातले जुने मदरबोर्ड आणि टीव्हीचे पिवळे पडलेले बोर्ड. आपल्याकडे नव्या उपकरणांतल्या शिशावर मर्यादा आली ती २०१४ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या बोर्डांवर कथिल-शिशाचंच सोल्डर आहे असं धरून चालायचं. ते शिसं दळलं जाणार, टेबलावर तांब्याबरोबर येणार, आणि त्याचा बारीक भाग पाण्यात उतरणार.

इथे मशीनवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं: पाणी बाहेर जातच नाही, फिरून तेच वापरतो. या उत्तरात तथ्य आहे, म्हणूनच ते नीट तपासायला हवं. टेबलाला जाणाऱ्या मिश्रणात साधारण चौथा हिस्सा घन पदार्थ धरला, तर ताशी ३०० किलो मालाला ताशी ९०० लिटर पाणी लागतं. आठ तासांच्या पाळीत ७,२०० लिटर झालं, आणि वरून सोडायचं धुण्याचं पाणी वेगळं. एवढं पाणी फिरवून वापरणं शक्य आहे आणि केलंच पाहिजे. पण फिरणाऱ्या पाण्यात काचेचं पीठ साठत जातं. ते साध्या टाकीत निवळायला वेळ लागतो, आणि पाळी तेवढी थांबत नाही. पाणी दुधाळ-करडं होतं, घट्ट होतं, आणि मग टेबलावरचे पट्टे एकमेकांत मिसळायला लागतात. सकाळी स्वच्छ पाण्यावर मिळालेला उतारा संध्याकाळी मिळत नाही तो यामुळे. शेवटी कधीतरी टाकी रिकामी करावीच लागते. त्या दिवशी ते पाणी कुठे जातं, हा माझा प्रश्न आहे. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी पर्यावरण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे तांबं ३ मिलिग्रॅम, शिसं ०.१ मिलिग्रॅम आणि तरंगते कण १०० मिलिग्रॅम अशी आहे. निवळण्याच्या एका टाकीतून आलेलं पाणी ही मर्यादा पाळेल असं जो म्हणतो, त्याच्याकडून ते लेखी घ्या. एमआयडीसीतलं सामायिक सांडपाणी केंद्र आहेच की, असंही कोणी म्हणेल. ती केंद्रं मुख्यतः जंतूंच्या जोरावर चालतात. धातू तिथे नाहीसा होत नाही, तो गाळात बसतो, आणि जास्त झाला तर त्या जंतूंनाच मारतो. केंद्रात पाणी सोडण्याआधी धातू उतरवण्याची जबाबदारी तुमचीच राहते.

उत्तर प्रदेशात मुरादाबादला वर्षानुवर्षं काय चाललं ते आठवून बघा. बोर्ड जाळायचे, राख दळायची आणि रामगंगेच्या काठावर धुऊन जड भाग ठेवायचा, हलका नदीत सोडायचा. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. जाळण्याचा भाग सोडला तर तिथली धुण्याची रीत आणि शेकिंग टेबल यांच्या तत्त्वात काडीचाही फरक नाही. फरक पडतो तो टेबलाच्या पुढे काय बसवलंय यानेच. तिथे काहीच नसेल, तर पत्र्याच्या शेडमध्ये, वीजजोडणी आणि जीएसटी नंबर घेऊन आपण तेच करत असतो. हे मला मनापासून खुपतं, कारण असा प्लँट टाकणारे बहुतेक लोक चांगल्या हेतूने आलेले असतात आणि त्यांना हे सांगणारा कोणी भेटलेला नसतो.

मग कोरडा प्लँट का घेऊ नये, हा रास्त आक्षेप आहे. कोरड्या प्लँटमध्ये हवेच्या झोताने आणि विद्युतभाराने तांबं वेगळं करतात, त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न उरत नाही. पण सगळी धूळ बॅग फिल्टरच्या भरवशावर राहते आणि विजेचं बिल वाढतं. शिवाय विद्युतभारावर चालणारा विलगक दमट हवेत नीट काम करत नाही. तळोजा-महाडच्या पावसाळ्यात भुकटी कोरडी ठेवायची तर ड्रायर आणि बंद खोली आली. म्हणून पाण्याची पद्धत मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. लहान क्षमतेला, कमी भांडवलात, पाण्याची बाजू पूर्ण केली असेल तर ती चालते. 'पाणी म्हणजे धूळ नाही' हे वाक्य मात्र तपासून घ्या. धूळ होते ती क्रशरमध्ये आणि मिलमध्ये, टेबलावर नव्हे. दळण कोरडं आणि फक्त विलगीकरण ओलं असेल, तर कामगाराच्या नाकात काचेचं पीठ जाणारच. क्रशरवर पाण्याचा फवारा आहे का, तोंडाशी हवा खेचायची सोय आहे का, हे चालू प्लँटवर डोळ्यांनी पाहा, आणि जाताना दुपारनंतर जा, सकाळच्या स्वच्छ पाण्यावर जाऊ नका.

भुशाबद्दल मशीनवाले फार सहज बोलतात. विटा करा, फरशा करा, प्लायवूडवाल्याला विका. या भुशात आग पसरू नये म्हणून घातलेलं ब्रोमीनयुक्त इपॉक्सी असतं, आणि सुटलेलं शिसं-तांबंही असतं. तो भट्टीत गेला तर ब्रोमीनचे विषारी वायू आणि डायॉक्सिनच्या जातीची संयुगं तयार होऊ शकतात. दुसऱ्या उद्योगात वापरायचा तर २०१६ च्या घातक कचरा नियमांतल्या नवव्या नियमाखाली परवानगी लागते. नाहीतर तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचरा केंद्राला पैसे मोजून द्यायचा. बोर्डच्या वजनात बिगरधातू भाग मोठा, ढोबळमानाने दोन तृतीयांश. म्हणजे तुमच्या कारखान्यातून सगळ्यात जास्त वजनाचा जो माल बाहेर पडणार, तो विकायचा नाही, उलट पैसे देऊन घालवायचा आहे. हा खर्च नफ्याच्या गणितात नसेल तर ते गणित फाडून टाका.

पुरवठादाराची परीक्षा घ्यायची एक रीत मला भरवशाची वाटते. तुमच्या स्वतःच्या भंगारातला मिश्र माल पोत्यांत भरून, सील करून, वजन करून त्याच्याकडे न्या. तो तुमच्यासमोर दळायला लावा. तांब्याचा पट्टा, मधला पट्टा, भुसा आणि टाकीच्या तळाचा गाळ, सगळं वेगवेगळं गोळा करा, सुकवा, तोला. बेरीज मूळ वजनाच्या जवळ आली पाहिजे. जे वजन जुळत नाही, ते पाण्यात आणि हवेत गेलेलं आहे. प्रत्येक ढीग नीट कालवून, त्याचे चार भाग करून, समोरासमोरचे दोन ठेवत ठेवत नमुना लहान करा आणि एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला पाठवा. टाकीतलं पाणीही बाटलीत भरून द्या. खर्च आहे, पण मशीनच्या किमतीपुढे तो किरकोळ. यावर 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' असं उत्तर आलं, तर पुढची बोलणी थांबवायला तेवढं पुरेसं आहे. ट्रायल पटली तर ऑर्डरमध्ये उताऱ्याचा आकडा लिहून घ्या, आणि पैशांचा शेवटचा हप्ता माल निघण्याआधी न देता तुमच्या शेडमध्ये तोच उतारा दिसल्यावर द्या. विक्रेता स्वतः बनवतो की परदेशातून आणून देतो, हेही विचारा. काचेचा बोर्ड मिलचे हातोडे आणि जाळ्या भराभर खातो. सुटे भाग इथे मिळणार की न्हावा-शेवाला येणाऱ्या कंटेनरची वाट पाहायची, यावर महिन्यातले चालू दिवस ठरतात. चीनमधली मोटर ३८० व्होल्टची असते आणि आपला पुरवठा ४१५ चा, तेही आधीच बोलून घ्या.

लहान उद्योजकाला एवढं परवडणार कसं, असं कोणी विचारेल. कधीकधी परवडणारच नाही, हे त्याचं प्रामाणिक उत्तर आहे. पण त्याने धंद्यातून बाहेर पडायची गरज नाही. बोर्ड दळल्याशिवायही काम आहे: उपकरणं सोडवणं, केबल, लोखंड, अ‍ॅल्युमिनियमचे हीट सिंक, ट्रान्सफॉर्मर वेगळे करणं, बोर्डांची प्रत लावणं. त्यासाठी पाणी लागत नाही, भांडवल कमी लागतं, आणि प्रत लावलेल्या बोर्डांना मिसळलेल्या बोर्डांपेक्षा चांगला भाव येतो. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांना लागणारी पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रं नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेवाल्याकडून घ्यावी लागतात, आणि ती सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड या धातूंच्या हिशोबाने निघतात. त्यामुळे चांगले प्रत लावलेले बोर्ड अशा पुनर्प्रक्रियेवाल्यांना हवे असतात. फक्त देण्याआधी त्यांची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पाहा, आणि बोर्ड दळल्यावर त्यांच्याकडचं पाणी कुठे जातं, हे त्यांनाही विचारा.