वायफायला परवाना नको, मंजुरी मात्र हवी

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा केला आहे. ईएसपी-३२ बोर्डावर द्राक्षबागेच्या मोटरसाठी कंट्रोलर बनवला. पहिल्यांदा चालू केला की तो स्वतःचं वायफाय सुरू करतो. फोनवरून त्याला जोडून घरच्या राउटरचं नाव आणि पासवर्ड भरला की काम झालं. आता गावातले शेतकरी विकत मागताहेत. लांबच्या बागांना लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) मॉड्यूल लावायचा विचार आहे. विक्रीसाठी वायरलेसचा परवाना लागेल का? मोटर जळाली तर जबाबदार कोण?
— एक वाचक, निफाड

उत्तर : तुमच्या शेतकऱ्याला परवाना लागत नाही. तुमचं वायफाय ज्यात चालतं तो २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केला. तिथली मर्यादा अँटेनासकट ४ वॉट आहे आणि ईएसपी-३२ जेमतेम १०० मिलिवॉटच्या आसपास सोडतो.

पण परवान्यातून सूट म्हणजे मंजुरीतूनही सूट, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. रेडिओ असलेल्या उपकरणाच्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची ईटीए, म्हणजे प्रकार-मंजुरी लागते. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. सुरुवात पुरवठादारापासून करा. मॉड्यूलच्या धातूच्या झाकणावरचा क्रमांक वाचा आणि नेमक्या त्याच क्रमांकाचं ईटीए प्रमाणपत्र मागा. शेवटचं अक्षर बदललं की मॉडेल बदललं : ३२डी मध्ये अँटेना बोर्डावरच छापलेला असतो, ३२यू ला बाहेरून लावावा लागतो. कागद मिळत नसेल तर तो माल स्वस्त असला तरी घेऊ नका. तुमच्या तयार डब्यासाठी वेगळी मंजुरी लागेल का, हे विक्रीआधी वायरलेस शाखेकडून लेखी विचारून घ्या.

लोराबाबत मला तुमची खरी काळजी वाटते. ऑनलाइन मिळणारे बरेच मॉड्यूल ९१५ मेगाहर्ट्झचे, अमेरिकेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. तिथे प्रक्षेपण केलंत तर हस्तक्षेपाचा ठपका थेट तुमच्यावर येईल. भारतात लोरासाठी मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ चा आहे. मॉड्यूल त्याचाच घ्या, आणि प्रोग्राममध्येही तीच फ्रिक्वेन्सी भरा.

आता मोटर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम ८४ उत्पादकाला लागू होतं, आणि घरात बसून बनवणाराही उत्पादकच. रचनेतला दोष, बनवण्यातला दोष, आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणं, या कारणांनी भरपाई मागता येते. जळालेली मोटर ही तुमच्या डब्याबाहेरची मालमत्ता असल्याने ती ‘हानी’त मोडू शकते. बुडालेलं व्यापारी उत्पन्न मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे.

तुमची जोडणीची पद्धत इथेच महत्त्वाची ठरते. सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड असेल, तर एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याची मोटर चालवता येईल, आणि तो रचनेतलाच दोष मानला जाण्याचा धोका आहे. प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड द्या, तो आत चिकटवा, आणि जोडणी पूर्ण झाली की डब्याचं स्वतःचं वायफाय आपोआप बंद होऊ द्या. वायफाय तुटलं तर मोटर चालू राहील की थांबेल, हे मराठीत छापून द्या. ओव्हरलोड रिले आणि हाताने चालवायचा स्टार्टर काढू नका. अ‍ॅडॉप्टर बीआयएस नोंदणीचाच वापरा आणि प्रत्येक विक्रीची पावती, त्यावर डब्याचा क्रमांक घालून, स्वतःकडे ठेवा.