होडीचे तोंड कोणीकडे आहे?

वाचनपाठ : उत्पत्ति 13:5-13, 14:12, 19:1-16. इब्री 2:1, 3:13.



पंढरपुरास चंद्रभागा भरून वाहत असता होडीने पलीकडे जाण्याचा प्रसंग आला, तर नावाड्याकडे नीट पाहावे. ज्या घाटास लागावयाचे, त्याकडे तो होडीचे तोंड सरळ धरीत नाही. घाटाच्या बरेच वर, जिकडून पाणी येते त्या बाजूस धरितो. कारण तो वल्हे मारीत असतानाही प्रवाह होडीस खाली ओढीत असतो. आणि वल्हे ठेवून तो स्वस्थ बसला, तर घाट केव्हा मागे पडला हे उतारूंस कळणारही नाही. वाहवत जाण्यासाठी मनुष्यास काही करावे लागत नाही. काही न करणे एवढेच पुरे असते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी जी सूचना आहे, ती ह्याच धोक्याची होय. ती प्रभूस नाकारणाऱ्यांस नव्हे, तर त्याचे वचन ऐकून स्वीकारलेल्यांस दिली आहे, हे ध्यानात ठेवावे.

1. लोटाच्या तीन पायऱ्या

लोटाने सदोमास राहावयाचे असे एका दिवसात ठरविले नाही. प्रथम त्याने हिरवे, पाण्याचे खोरे पाहिले व आपला तंबू सदोमाच्या दिशेने नेला. पुढच्याच अध्यायात तो सदोमात राहताना आढळतो. एकोणिसाव्या अध्यायात तर तो नगराच्या वेशीत बसला आहे. प्रत्येक पाऊल लहान होते, आणि प्रत्येकास काही ना काही कारण होते. पण त्याचे मोल पाहा. संकटाच्या रात्री तो जावयांस सावध करावयास गेला, तेव्हा त्यांस ती थट्टा वाटली. नीतिमान म्हणविणाऱ्या पित्याच्या शब्दाचे वजन त्याच्या स्वतःच्या घरात उरले नव्हते. वाहवत गेल्याची खरी किंमत बहुधा मुलेबाळेच देतात.

2. आपल्या दारचा प्रवाह

सोलापूर-पुणे महामार्गावर चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. एमआयडीसी म्हटले की भोवतालच्या गावांत सर्वांस ती कळते. पाऊस दगा देणाऱ्या ह्या मुलुखात कारखान्याचा पगार ही देवाचीच देणगी आहे, आणि तेथे प्रामाणिकपणे काम करणे हे पाप नव्हे. दानीएल तर बाबेलच्या राजाच्या चाकरीत होता. प्रभूनेही आपल्या शिष्यांस जगातून काढून घ्यावे असे मागितले नाही. वाईटापासून राखावे असे मागितले.

पण असे समजा की, एका तरुणास तेथे काम लागले. पहिल्या महिन्यात रविवारची पाळी आली, तेव्हा त्यास उपासना चुकल्याचे वाईट वाटले. पुढे सुटीच्या रविवारीही जादा कामाची मजुरी मिळते म्हणून तो गेला. रात्रपाळीमुळे घरची प्रार्थना मागे पडली, ती दिवसपाळी आली तरी पुन्हा सुरू झाली नाही. मग पगाराच्या संध्याकाळी सोबत्यांबरोबर बसणे आले, मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळणे आले, आणि बहिणीच्या लग्नात शेजाऱ्याहून मोठा मांडव घालावयाचा म्हणून कर्ज आले. त्याने प्रभूस सोडले असे कोणत्या दिवशी झाले? तसा दिवस दाखविता येणार नाही.

येथे एक भेद नीट करावा. ज्याचा रविवार पोटासाठी सक्तीने गेला, त्यास दोष लावू नये. त्याचे ओझे मंडळीने उचलावे. 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्यास एक सुटी ठरविली होती. ती रविवारी न देता जवळच्या दुसऱ्या दिवशी देण्याचीही मोकळीक त्यात होती. तेव्हा रविवारी काम करणारा प्रत्येक जण लोभीच असतो असे नाही. परंतु रविवार मोकळा असता, घरात भाकर असता, केवळ दुप्पट मजुरीसाठी जो तो विकतो, त्याने आपल्या अंतःकरणास विचारावे.

आणि हा प्रवाह टिकून राहणाराही नाही. सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी निघाली. तिच्या भोंग्यावर कित्येक घरांचे उठणे-बसणे चाले. आज ती जुनी गिरणी बंद आहे. जग नाहीसे होत जाते, हे योहानाचे शिकविणे सोलापूरकरांस निराळे समजावून सांगावयास नको.

3. उपदेशकांनीही सावध असावे

प्रवाह केवळ कारखान्याच्या फाटकापाशी वाहतो असे नाही; तो उपदेशकाच्या घरातूनही वाहतो. देमास प्रथम पौलाचा सहकारी होता. शेवटी ह्या युगाची आवड धरून त्यास सोडून गेला. आपल्या सेवेचेही पद, पगार आणि मान असे रूप होऊ शकते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. प्रत्येकाने नोकरी सोडावी असा ह्याचा अर्थ नव्हे. पण पगार थांबला तर माझी सेवा चालेल काय, हा प्रश्न वर्षातून एकदा तरी आपण स्वतःस विचारावा.

4. वल्हे कसे मारावे?

पहिले, खूण काठावरची धरावी. शेजारच्या होड्यांकडे पाहून आपण स्थिर आहो असे वाटते, कारण त्याही आपल्याबरोबरच वाहत असतात. “सगळेच असे करितात” हे वाक्य म्हणजे शेजारची होडी होय. शास्त्र व प्रार्थना हा काठ आहे.

दुसरे, निश्चय आधी करावा. दानीएलाने राजाचे ताट समोर येण्यापूर्वीच मनात ठरविले होते. कामावर लागण्यापूर्वीच मद्य, जुगार व जादा काम ह्यांविषयी घरात बोलून ठरवावे.

तिसरे, प्रार्थनेची वेळ पाळीप्रमाणे बदलावी, पण मोडू नये. रात्रपाळीच्या घरी ती दुपारी होवो. पगार हाती येताच प्रभूचा भाग प्रथम बाजूस ठेवावा. उरल्यावर देऊ म्हणणाऱ्याजवळ काही उरत नाही.

चौथे, एकट्याने वल्हवू नये. एका पाळीच्या दोघा बंधूंनी कामावर निघण्यापूर्वी मिळून प्रार्थना करावी व एकमेकांस स्पष्ट विचारावे. ज्यांस रविवारी येता येत नाही, त्यांच्यासाठी मंडळीने एखाद्या संध्याकाळी उपासना ठेवावी. जो दोन रविवार दिसला नाही, त्याच्या घरी उपदेशकाने त्याच आठवड्यात जावे. जाब विचारावयास नव्हे, तर भेटावयास. सहा महिन्यांनी गेल्यास तो फार खाली गेलेला असेल.

बंधूंनो, कोणी म्हणेल, “मी तर फार दूर वाहवलो.” लोटही वेशीत बसलेला होता, आणि त्या शेवटच्या पहाटेसही रेंगाळत होता. तरी देवाने दूतांकरवी त्याचा हात धरून त्यास बाहेर काढिले. तो हात आजही आखूड झालेला नाही.

विचारासाठी प्रश्न :
1. गेल्या वर्षी ज्या गोष्टीची मला लाज वाटे, ती आज सहज वाटते काय?
2. माझ्या शब्दाचे वजन माझ्या मुलांपाशी किती आहे?
3. आपल्या मंडळीत रविवारी कोणाची जागा रिकामी असते? ह्या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?