ॲडमिनचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?

पहिला संशय माझ्यावर घेतला गेला, म्हणून हे लिहितो आहे. आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर रविवारी रात्री रीस्टार्ट झालेला दिसला आणि सोमवारी सचिवांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काल तुम्हीच आत होतात ना?"

मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. नोंद 4624, म्हणजे यशस्वी लॉगिन; लॉगॉन टाइप 10, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. नाव 'ॲडमिनिस्ट्रेटर'. त्या नावाने मीही जायचो आणि जुन्या सॉफ्टवेअर कंपनीची सगळी पोरंही. नावावरून काहीच ठरेना. मग खालचा आयपी ॲड्रेस पाहिला. तो त्या कंपनीच्या ऑफिसचा निघाला. तिचा करार मार्चअखेर संपला होता! फोन केला तर इंजिनिअर म्हणतो, "अहो सर, जुना रिपोर्ट हवा होता, नेहमीसारखा आलो." नेहमीसारखा! सभासदांच्या ठेवींचा डेटा आहे तो.

करार संपताच पासवर्ड बदलू, असं पत्र मी संस्थेला दिलं होतं. आवक शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे. सॉफ्टवेअरच्या सर्व्हिसेस त्याच खात्यावर चालायच्या, परस्पर बदलला असता तर शाखांचे काउंटर बंद पडले असते, म्हणून परवानगी मागितली. उत्तर मिळालं, "माणसं चांगली आहेत, कशाला दुखवायचं?"

तेव्हा सॉफ्टवेअर घेतानाच सांगा: सर्व्हिसेससाठी वेगळं खातं, लागतील तेवढेच अधिकार. डेटाबेसचं 'एसए' हे ॲडमिन खातं बंद. प्रत्येक इंजिनिअरला स्वतःच्या नावाचं खातं, काम संपलं की तेही बंद. दुरून आत येऊ देणारं एनीडेस्कसारखं काही राहिलंय का, तेही तपासा. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा, कारण ॲडमिनला ते पुसता येतात. मागे उरते फक्त 1102 ही पुसल्याची नोंद. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशानुसार लॉग 180 दिवस ठेवायचेच आहेत. पासवर्ड मोठा असावा, हे सगळे सांगतातच.

सगळे अधिकार आपल्याच एका माणसाकडेही नकोत, माझ्याकडेसुद्धा. 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड टेरी चाइल्ड्स या तिथल्याच इंजिनिअरने अडवून धरले. ते घ्यायला महापौरांना तुरुंगात जावं लागलं. आपत्कालीन पासवर्ड सीलबंद पाकिटात, दोघांच्या सह्यांनी तिजोरीत ठेवा.

आणि कंपनीचं शेवटचं बिल पासवर्ड बदलल्यावरच चुकतं होईल, असं करारात लिहून घ्या. आमचं आधीच चुकतं झालं होतं. माझ्या खुलाशाच्या पत्राला अजून उत्तर नाही.