स्वयंपाकघरातला अभ्यास



नर्सची नोकरी करताना जुलाबाने मलूल झालेली किती तरी लेकरं पाहिली. आई म्हणायची, "सिस्टर, ओआरएस दिलं होतं." कशात कालवलं? "गिलासभर पाण्यात." पुडी मात्र एक लिटर पाण्याची असायची. असं दाट पाणी बाळाला अपाय करतं. आईची माया कमी नव्हती, माप चुकलं होतं. पुडीवरचं वाचणं आणि पाणी मोजणं हे शाळेचंच शिक्षण. ते घरातही पक्कं होऊ शकतं.

तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी हे चार धडे. आधी साबणाने हात धुवावेत. चूल, गॅस आणि विळीजवळ मोठं माणूस हवंच.

धडा १ : गणित
भाकरी वाढताना विचारा, चतकोर म्हणजे किती? १/४. दोन चतकोर म्हणजे अर्धी, तीन म्हणजे पाऊण. वहीत अवघड वाटणारा अपूर्णांक ताटात दिसतो. शेलूबाजारच्या बाजारातून पाव किलो तूरडाळ आणली, की किलोचा भाव ४ ने भागायला सांगा.

धडा २ : विज्ञान
कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. त्यावर साबणाचं पाणी टाका, डाग लाल होईल. लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. पुस्तकातलं आम्ल आणि आम्लारी ते हेच.

धडा ३ : शरीर
मेथी, चवळीच्या पालेभाजीत लोह असतं. वर लिंबू पिळलं तर ते अंगी जास्त लागतं, जेवणासोबत चहा घेतला तर कमी. वाढत्या मुलींनी हे लक्षात ठेवावं. रक्तवाढीच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र बंद करू नयेत. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकतं. त्यात प्रथिनं खूप, पण ते कच्चं खाऊ नये, नीट शिजवूनच खावं.

धडा ४ : वाचन आणि माप
ओआरएसच्या पुडीवर किती पाणी लिहिलं आहे ते मुलाने मोठ्याने वाचावं, तेवढंच पाणी मोजावं आणि पूर्ण पुडी त्यात टाकावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकायचं नाही. हे पाणी २४ तासांनंतर वापरू नये. बाळाचं अंगावरचं दूध चालू ठेवावं. डोळे खोल गेले, बाळ पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडलं, तर लगेच दवाखाना गाठावा.

एक गोष्ट ठामपणे सांगते. हे धडे मुलगा आणि मुलगी दोघांसाठी आहेत, तेही शाळा सुटल्यावर. स्वयंपाकासाठी मुलीची शाळा बुडवणं म्हणजे शिक्षण नव्हे. बाबासाहेबांना स्वतः स्वयंपाक करण्याची आवड होती, मग आपल्या मुलांना पोळपाट हाती घ्यायला लाज कसली? आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली होती.

धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. येत्या रविवारी विहारात वंदना झाली, की एका मुलाला आणि एका मुलीला सर्वांसमोर ओआरएस करून दाखवू द्या. मोठ्यांनीही पाहून शिकावं.

नमो बुद्धाय! जयभीम!