नातवंडांच्या आरोग्यासाठी एक धडा : वाहक तपासणी



गेल्या हिवाळ्यात माझी सून टिपत हालावमधून रुसून घरी आली. नर्सबाईंनी तिला विचारले होते, "तुमचे आजीआजोबा कुठले? नवऱ्याचे कुठले? नात्यात लग्न झाले आहे का?" सून म्हणाली, "आई, आपले मूळ अजून यांना विचारावेच लागते का?"

तिचा राग मला कळला. १९६० नंतरच्या वर्षांत रब्बिनेटने आपल्या लोकांच्या लग्नाच्या वेळी पूर्वजांची चौकशी लावली होती. समाज त्याविरुद्ध लढला आणि १९६४ साली तो प्रश्न मिटला. ती जखम घरोघरी सांगितली गेली आहे. परंतु नर्सबाईंचा प्रश्न त्या जातीचा नव्हे. तो कशासाठी असतो, हे आज समजून घेऊ.

वाहक म्हणजे कोण?

शरीराचे अनेक गुण ठरवण्यात जनुकांचा वाटा असतो. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. अनेक रोगांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. असा माणूस वाहक होय. तो आजारी नसतो, बहुधा त्याला जन्मभर पत्ताही नसतो.

वर्गात मी हे मण्यांनी शिकवीत असे. आईच्या डबीत एक पांढरा मणी व एक काळा. बापाच्या डबीतही तसेच. प्रत्येकाने न पाहता एक मणी मुलाला द्यायचा. चार प्रकार संभवतात: दोन्ही पांढरे, एकदा पांढरा-काळा, एकदा काळा-पांढरा, आणि दोन्ही काळे. म्हणजे मूल आजारी होण्याची शक्यता ४ मध्ये १, वाहक होण्याची ४ मध्ये २. येथे पुष्कळांची चूक होते. "एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली," असे नाही. प्रत्येक गरोदरपणी मणी पुन्हा डबीत जातात व हिशेब नव्याने सुरू होतो.

म्हणूनच "आमच्या घराण्यात असला रोग कुणालाच नाही," हे उत्तर पुरे नाही. काळा मणी पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो.

आपल्या समाजाशी संबंध काय?

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे आपण वाडवडिलांकडून ऐकत आलो. पुढे कोकणात तेल गाळीत, शब्बाथ पाळीत आपण राहिलो व सोयरिकी आपसांतच केल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात आपल्या रक्तात यहुदी व भारतीय असे दोन्ही अंश आढळले, आणि दीर्घकाळ आपसांत लग्ने झाल्याच्या खुणाही. जो समाज थोड्या माणसांपासून वाढतो, त्यात एकच काळा मणी अनेक घरांत पोचतो. यात लाज कसली? अश्केनाझींमध्ये सुमारे ३० मध्ये १ माणूस टे-सॅक्स रोगाचा वाहक असतो. कुर्दिस्तानच्या यहुद्यांत थॅलेसेमिया पुष्कळ. भारतातही थॅलेसेमियाचे वाहक शेकडा ३ ते ४ आहेत. शिवाय आज आपल्या मुली मोरोक्कोच्या, इराकच्या, पोलंडच्या घरांत जातात; तेव्हा दोन्हीकडचे मूळ सांगितलेले बरे.

काही रोग मात्र कूळ पाहत नाहीत. म्हणून सिस्टिक फायब्रोसिस, स्नायू दुबळे करणारा एस्‌.एम्‌.ए. व फ्रॅजाइल एक्स यांची तपासणी इस्राएलमध्ये सर्वांसाठी आहे. फ्रॅजाइल एक्सचा हिशेब वेगळा: तेथे एकटी आई वाहक असली तरी मुलाला, विशेषतः मुलग्याला, धोका असतो.

केव्हा व कशी?

उत्तम वेळ गर्भ राहण्यापूर्वीची. ती गेली असेल तर दिवस राहिल्याबरोबर कुपत होलीममध्ये विचारावे. साधे रक्त घेतात. बहुधा आधी स्त्रीचे. ती वाहक निघाली तर नवऱ्याचे. दोघेही एकाच रोगाचे वाहक निघाले, तर आनुवंशिक सल्लागार पुढील वाटा सांगतात. १० ते १३ आठवड्यांत वारेचा अंश किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येते. गर्भधारणेपूर्वी कळले तर प्रयोगशाळेत गर्भ तपासून मग तो गर्भाशयात ठेवण्याचीही सोय आहे. काही रोगांत, जसे एस्‌.एम्‌.ए., आधी माहीत असल्यास बाळाला जन्मताच औषध सुरू करता येते, आणि त्याने मोठा फरक पडतो.

एक लक्षात ठेवा: तपासणी निर्दोष आली म्हणजे धोका फार कमी झाला, शून्य झाला नाही. आणि तपासणी सक्तीची नाही. करावी की नाही, उत्तर आल्यावर काय करावे, हे त्या जोडप्याने ठरवायचे. हवे तर रब्बींचा सल्ला घ्यावा.

सासवांना दोन शब्द

सून वाहक निघाली तर "दोष तिच्या माहेरचा" असे तोंडातून काढू नका. मूल आजारी व्हायला बहुतेक रोगांत दोन काळे मणी लागतात. एक आपल्या मुलाच्या डबीतला असतो. तसेच तिचे उत्तर सिनेगॉगच्या अंगणात चर्चेला नेऊ नका. ते तिचे आहे.

माझी सून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेली. जाण्यापूर्वी आम्ही दोघींनी कागदावर चार आजीआजोबांची गावे लिहिली: पेण, रोहा, अलिबाग, आणि तिच्या आईकडचे बगदाद. आपल्या मुलीसुनांसाठी आपणही असा कागद आजच लिहून ठेवा. आपण गेल्यावर ही गावे त्यांना सांगायला कोण असेल?