बांधीचं माप मुलाला काढू द्या



क्षेत्रफळ म्हटलं की आपली मुलं 'लांबी गुणिले रुंदी' म्हणून मोकळी होतात. पण आपल्या मूल-सिंदेवाही तालुक्यांकडची धानाची बांधी अशी सरळ चौकोनी असते कुठे? धुरा उताराप्रमाणे वळतो, एक बाजू तिरपी जाते, मध्येच पाचवा कोपरा निघतो. सूत्र अडतं आणि मूल मनाशी धरून बसतं की गणित वेगळं अन् शेत वेगळं. याचं मला फार वाईट वाटतं.

एखाद्या संध्याकाळी चौकटीची वही घेऊन त्याच्याजवळ बसा. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो ठिपका धरा. एक घर म्हणजे 10 मीटर बाय 10 मीटर, सातबाऱ्यावरचा 1 आर. एका ठिपक्यापासून उजवीकडे 5 घरं जा. तिथून 1 उजवीकडे, 3 वर. मग 3 डावीकडे, 2 वर. मग 3 डावीकडे, 2 खाली. शेवटी सरळ 3 खाली, की धुरा मिळाला. आता मुलाला मोजू द्या, गोंडीत मोजलं तरी हरकत नाही. धुऱ्यावर 11 ठिपके, आत 18. आतल्यांत धुऱ्यावरचे निम्मे मिळवून 1 वजा करा: 18 + 5.5 − 1. साडेबावीस आर.

ही रीत गेओर्ग पिक यांनी 1899 मध्ये मांडली. प्रागचे हे ज्यू गणिती 1942 मध्ये नाझींच्या छावणीत वारले.

मूल 'निम्मे का?' विचारेल, विचारलंच पाहिजे. आतल्या ठिपक्याच्या वाट्याला पूर्ण घर येतं. धुऱ्यावरच्याचं अर्धं आत, अर्धं शेजाऱ्याकडे. कोपऱ्यावर त्याहून कमी, आणि सगळ्या कोपऱ्यांची तूट मिळून बरोबर 1 घर भरतं. कोपरे ठिपक्यांवर नसतील, धुरा गोलाकार असेल, तर ही रीत चालत नाही. तिथे ठिपक्यांऐवजी घरं मोजायची: घराचा अर्ध्याहून मोठा तुकडा 1 धरायचा, लहान सोडायचा.

आपल्या भागात हे शिकणं फक्त परीक्षेपुरतं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक पट्ट्याची मर्यादा 4 हेक्टर आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा कागदांवरच्या हद्दी आणि आकडे आपल्या घरातल्या कुणाला तरी ताडून पाहता यावेत, असं मला मनापासून वाटतं. घरी पट्ट्याचा नकाशा असेल तर पारदर्शक कागदावर चौकटी आखून त्यावर ठेवा, खालचं प्रमाण मुलाकडून वाचून घ्या, आणि लिहिलेलं क्षेत्र हाताने झाकून मग मोजायला सांगा. उत्तर थोडं मागेपुढे आलं तर रागवू नका. अर्ध्या आकाराच्या चौकटी आखून पुन्हा मोजू द्या, फरक बहुधा कमी झालेला दिसेल.